वारा जातो, लहर थांबते

(दृश्य : पहाट. नारायणगावहून खोडदकडे जाणारा रस्ता, दोन्ही बाजूंना ऊस.)

नारायणगावच्या बाजारात टोमॅटोच्या गाड्या लागायला लागतात, तेव्हा माझा थोरला भाऊ रात्रपाळी संपवून घरी निघालेला असतो. दादा इलेक्ट्रॉनिक्सचा इंजिनिअर. त्याच्या वर्गातली बहुतेक मुलं आयटीत गेली. कुणी हिंजवडीला, कुणी थेट अमेरिकेला. दादा खोडदला आला आणि इथेच रमला. पगार सरकारी वेतनश्रेणीतला. घर चालतं, आईचं औषधपाणी होतं, पण पुण्यात फ्लॅट घ्यायचं काही अजून जमलेलं नाही. लग्नाकार्यात भेटणारी माणसं त्याला हटकून विचारतात, "मग, पुढे काय ठरवलंयस?" त्या सगळ्यांना एकदा इथे आणून उभं करावं असं मला फार दिवस वाटत होतं.

(दृश्य : उजाडताना वळणारी तबकडी. मोटरचा मंद आवाज.)

ही जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप, सगळ्यांच्या तोंडी जीएमआरटी. अशा ३० अँटेना आहेत. १४ इथे दाटीने उभ्या आहेत, उरलेल्या १६ तीन दिशांना गेलेल्या रांगांत, २५ किलोमीटरच्या पसाऱ्यात. प्रत्येक तबकडीचा व्यास ४५ मीटर, म्हणजे पंधरा मजली इमारतीएवढा.

एवढी तबकडी भरीव पत्र्याची केली असती, तर वाऱ्यात तिला सावरायला किती लोखंड लागलं असतं! तेवढा पैसा नव्हता. मग प्रा. गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पत्राच काढून टाकला. जवळ या, बघा. स्टेनलेस स्टीलच्या बारीक तारांची जाळी, एक ते दोन सेंटिमीटरची भोकं, आणि ती ताणून धरणाऱ्या तारांचे दोर. पलीकडचे डोंगर दिसतात यातून. वारा आरपार निघून जातो. आकाशातून येणारी रेडिओलहर मात्र वीतभर ते दोन मीटर लांबीची. तिला ही भोकं जाणवतच नाहीत, तिच्या लेखी हा अख्खा आरसा. काटकसरीतून घडलेली इतकी देखणी वस्तू मी दुसरी पाहिलेली नाही.

स्वरूप सरांची सवयच ती. १९६५ साली स्टॅनफर्ड सोडून ते टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले. ऑस्ट्रेलियात काम संपलेल्या ३२ लहान तबकड्या भेट मिळाल्या होत्या, त्या कल्याणला मांडून सूर्याचा अभ्यास सुरू केला. मग उटीला डोंगराचा असा उतार शोधला, की त्यावर बसवलेल्या दुर्बिणीचा आस पृथ्वीच्या आसाला समांतर यावा. एका आसाभोवती फिरवली की ताऱ्याचा माग काढता येतो. १९७० पासून ती ५३० मीटर लांबीची दुर्बीण तिथे उभी आहे.

(दृश्य : नियंत्रण कक्ष. पडद्यावर सरकणारे आलेख.)

जानेवारी २०२३ मध्ये बातमी आली, की ८८० कोटी वर्षांपूर्वी एका आकाशगंगेतून निघालेला हायड्रोजनचा संदेश या तबकड्यांनी टिपला. निघताना त्या लहरीची लांबी २१ सेंटिमीटर होती, विश्व प्रसरण पावत गेलं तशी ती ताणत ताणत इथे ४८ झाली. दादाचं नाव त्या शोधनिबंधात नाही. पण इथल्या निरीक्षणांवरच्या निबंधांत शेवटी एक ओळ असते, दुर्बिणीच्या कर्मचाऱ्यांचे आभार मानणारी. ती ओळ दादाने आईला मराठीत करून सांगितली. आई म्हणाली, "म्हणजे तुझेच की रे."

(दृश्य : रात्र. उसातली वाट, बॅटरीचा झोत.)

खरं काम असं असतं. मार्चमधली कोरडी हवा. पडद्यावर मधूनच एक आडवी रेघ उमटायला लागली. आकाशातली नव्हे, आसपास कुठेतरी विजेच्या तारेवर ठिणगी पडत होती. चंद्रावर ठेवलेला मोबाइलसुद्धा ज्या दुर्बिणीला ठळक दिसेल, तिच्या कानाशी ही ठिणगी म्हणजे फटाक्यांची माळच.

दादा हातात अँटेना धरून निघाला. आपल्या गच्चीवर पूर्वी टीव्हीची असायची, तशीच. मी कॅमेरा घेऊन मागे. उसात बिबट्या असतो म्हणून मोठमोठ्याने बोलत चालायचं.

"दादा, एवढ्या रात्री? सकाळी वायरमनला सांगता येईल ना?"

"काय सांगू त्याला? कुठला खांब ते तरी कळायला हवं ना, अगं."

अकरा खांब पालथे घातले. बाराव्याखाली त्याने हात वर केला, थांब म्हणून. मीही कान दिला. वर चर्र चर्र, तव्यावर पाणी शिंपडावं तसं. इन्सुलेटरपाशी एक क्लॅम्प सैल झाला होता. दादाने खडूने खांबावर फुली मारली. त्याच्या चेहऱ्यावर त्या वेळी जे होतं, ते मला कॅमेऱ्यात नीट धरता आलं नाही, अंधार फार होता.

दुसऱ्या दिवशी लाइन बंद करून वायरमन खांबावर चढला, क्लॅम्प आवळून खाली आला, चहा पिऊन गेला. वीज परत आली तशी दादाने फोन लावला.

"बघ रे पडद्यावर. गेली का?"

पलीकडे पाळीवर नव्याने आलेला मुलगा होता. तो जरा वेळ काहीच बोलला नाही. दादा खांबाला हात टेकून उभा.

"गेली सर. एकदम स्वच्छ."

(दृश्य : तबकडी हळूहळू पुढच्या ताऱ्याकडे वळते.)