डोळ्यातला मांडव

(परभणीत झालेल्या एका व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, शुगर डोळ्यांना धरते हे आता तुम्हाला सांगावं लागत नाही. मागचा पडदा, त्यावरच्या बारीक नसा, त्यातून होणारा रक्तस्राव हे तुम्ही ऐकलेलं आहे. पण भिंग आणि पडदा यांच्या मधे जो पारदर्शक गर भरलेला असतो, त्याच्याबद्दल कुणी बोलत नाही. त्याला आम्ही व्हिट्रिअस म्हणतो. साधारण ४ मिलिलिटर, म्हणजे चहाचा चमचाही पुरता भरायचा नाही. त्यात ९८ टक्क्यांच्या वर पाणीच. उरलं ते कोलॅजनचे धागे आणि हायलुरॉनिक आम्ल. आज बोलायचंय ते या गरावरच.

वय झालं की हा गर पातळ होतो आणि एक दिवस पडद्यापासून सुटतो. डोळ्यासमोर माशा उडायला लागतात. (माशा अचानक वाढल्या, लखलख दिसायला लागली, तर मात्र लगेच तपासून घ्या.) मधुमेहात गर लवकर पातळ होतो, पण पडद्यावरची पकड सोडत नाही. अर्धा सुटलेला, अर्धा चिकटलेला. सगळं दुखणं त्या अर्ध्यात आहे.

परसातला दोडक्याचा वेल आठवा. शुगरमुळे पडद्यातल्या बारीक नसा बंद पडतात आणि उपाशी पडदा व्हीईजीएफ नावाचं रसायन सोडतो. म्हणजे एका अर्थी हाकच मारतो, की नव्या नसा पाठवा. नसा फुटतात, पण कच्च्या. आणि वेलाला मांडव लागतो. हा मांडव म्हणजे गराचा मागचा पृष्ठभाग. ज्याचा गर आधीच पूर्ण सुटलाय, त्याच्या डोळ्यात वेलाला चढायला जागाच नसते. दोघा भावांची शुगर सारखीच वाईट, तरी एकाचाच डोळा जातो, त्यामागे कधीकधी हेही असतं. आपण मात्र पथ्यावरून दुसऱ्याला बोल लावून मोकळे होतो.

पुढं वेल वाळतो, म्हणजे नसांभोवती व्रणाची पट्टी तयार होते आणि ती आकसते. डोळा हलला की आतला गर हलतो, कच्ची नस तुटते. पेशंट सांगतो, "डॉक्टर, डोळ्यापुढं काळं जाळं उतरलं." आणि ओढ वाढतच गेली तर मांडवासकट पडदाच उचलला जातो.

आता इंजेक्शन. ०.०५ मिलिलिटर औषध, व्हीईजीएफला आवर घालणारं. पडद्याची सूज उतरवायला चांगलं. पण नजरेच्या मध्यबिंदूवर गराचा पापुद्रा ताणून बसला असेल, तर नुसत्या इंजेक्शननं सूज हटत नाही. ओसीटी, म्हणजे पडद्याच्या थरांचा स्कॅन, काढायला सांगतो ते हा ताण बघायला, बिल वाढवायला नाही. व्रण जास्त असेल तर आणखी जपावं लागतं. औषधानं नसा सुकतात, व्रण आकसतो, आणि काही दिवसांत ओढ उलट वाढू शकते. म्हणून अशा डोळ्यात इंजेक्शन द्यायचं तर ऑपरेशनची तारीख आधी ठरवून.

ते ऑपरेशन म्हणजे व्हिट्रेक्टॉमी, मांडवच काढून टाकायचा. रॉबर्ट माकेमर यांनी १९७० साली मायामीत आजच्या पद्धतीची पहिली शस्त्रक्रिया केली. गर कापून ओढून घेणारं यंत्र त्यांनी आधी अंड्याच्या पांढऱ्या बलकावर चालवून पाहिलं होतं. गराच्या जागी पाणी आलं की प्राणवायू आत सहज फिरतो, पडद्याची उपासमार थोडी कमी होते. पण औषधही लवकर वाहून जाऊ शकतं, म्हणजे इंजेक्शन कमी दिवस पुरतं. असा व्यवहार आहे.

मघाशी एका ताईंनी विचारलं, लेसरच्या (उपाशी पडद्याची ती हाक शमवायला पडद्यावर मारतात तो) दोन बैठका झाल्या, बाकीच्या ऊसतोडीहून आल्यावर केल्या तर चालेल का? माझ्याकडच्या एका बाईंनी तेच केलं होतं. दिवाळीनंतर टोळीबरोबर कारखान्यावर गेल्या. दृष्टी चांगली होती, दुखत काहीच नव्हतं, आणि गर अर्धाच सुटलेला होता. मोळ्या उचलून ट्रकवर चढवताना एका पहाटे डाव्या डोळ्यापुढं जाळं आलं. पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, थांबल्या. गुढीपाडव्याच्या सुमारास माझ्याकडं आल्या तेव्हा रक्ताखालचा पडदाही ओढला गेलेला होता. ताई, तुमच्या उरलेल्या बैठका दसऱ्याच्या आत उरकू. तारीख आत्ताच लिहून घ्या.