स्टँडर्डची कागदपत्रं छापायला कुणाला द्यायची? दर नंतर बघा

नमस्कार मंडळी, सांगलीतनं बोलतोय. आज विषय जरा वेगळाय, असली कागदपत्रं एडिट करून छापणारा कंत्राटदार कसा निवडायचा, पण कुपवाड, मिरज एमआयडीसीतल्या ज्या लोकांना मॅन्युअल, स्पेसिफिकेशन, टेस्टिंगचे नियम छापून घ्यावे लागतात त्यांनी शेवटपर्यंत बघा.

माझ्यासमोर घडलेली गोष्ट सांगतो. एका पंपाच्या मॅन्युअलमध्ये वाक्य होतं, कपलिंग (मोटर आणि पंप जोडणारा भाग) जोडण्याआधी मोटर कुठल्या दिशेनं फिरतीय ते तपासलंच पाहिजे. एडिटिंग करणाऱ्यानं भाषा गोड केली आणि लिहिलं, तपासून घेतलेलं बरं. झालं. गिऱ्हाईकानं तपासलं नाही, पंप उलटा फिरला, आट्यांवर बसवलेला इम्पेलर, म्हणजे पाणी ढकलणारं आतलं चक्र, सैल होऊन सुटला. व्याकरणाची एकही चूक नव्हती हो त्या वाक्यात!

आता इंटरनेटचं बघा. इंटरनेटचे नियम ज्या कागदपत्रांत असतात त्यांना आरएफसी म्हणतात, पहिला ७ एप्रिल १९६९ चा. कितीतरी वर्षं हे संपादन जॉन पोस्टेल नावाच्या माणसानं सांभाळलं, ऑक्टोबर १९९८ मध्ये ते वारले तोपर्यंत. नंतर २००९ अखेरपर्यंत काम त्यांच्याच संस्थेत, सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या इन्स्टिट्यूटमध्ये राहिलं, आणि २०१० पासून एडिटिंग आणि प्रकाशन कंत्राटावर एका बाहेरच्या कंपनीकडं गेलं. म्हणजे सगळं जग ज्यावर चालतं ते कागदसुद्धा कंत्राटदारच तयार करतोय, मग तो निवडताना किती बघावं लागत असंल विचार करा.

तिथं मस्ट (केलंच पाहिजे), शुड (केलेलं बरं), मे (केलं तर चालंल) या शब्दांचे अर्थ १९९७ च्या आरएफसी २११९ मध्ये ठरवून दिलेत, आणि २०१७ मध्ये परत स्पष्ट केलं की कॅपिटल अक्षरात असतील तरच तो खास अर्थ घ्यायचा. त्यामुळं एडिटरनं मस्टचा शुड केला तर ती भाषा सुधारणा नाही, नियमच बदलला. म्हणून छापायच्या आधी प्रत लेखकांकडं जाते, या टप्प्याचं नावच ऑथ ४८, म्हणजे ऑथरनं, लेखकानं ४८ तासांत बघून द्या. प्रत्यक्षात जास्त दिवस लागतात, पण लेखकांचा होकार आल्याशिवाय सहसा पुढं सरकत नाही. कारण एकदा आरएफसी निघाला की त्यातल्या मजकुराच्या अर्थात बदल नाही, चूक सापडली तर इराटा म्हणून वेगळी नोंद.

कामाचा वेगपण विचारा, पण नुसतं एका पानाला किती दिवस असं नको. एक कागद दुसऱ्यावर अवलंबून असतो, दुसरा आला नाही की पहिला अडकतो. ब्राउझरमधनं व्हिडिओ कॉल होतो ना, त्या वेबआरटीसीचे ढीगभर कागद असेच एकमेकांत गुंतून वर्षानुवर्षं थांबले आणि जानेवारी २०२१ मध्ये एकदम निघाले. असं तुंबल्यावर तुमची माणसं काय करणार, हे कंत्राटदाराला तोंडावर विचारायचं.

अजून एक, आपल्याकडं हमखास होतं ते. डीटीपीवाला पीडीएफ देतो, ओपन फाईल, म्हणजे जिच्यात बदल करता येतो ती, देत नाही, आणि पाच वर्षांनी फाईल मिळालीच तर ती श्रीलिपीच्या जुन्या फाँटमध्ये, उघडली की नुसता गिचमिड. आरएफसीची मूळ प्रत आता एक्सएमएलमध्ये, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर उघडणाऱ्या साध्या मजकुराच्या फाईलमध्ये असते, उद्या कंत्राटदार बदलला तरी दुसऱ्याला तिथनं काम उचलता येतं. आपल्या करारातपण पहिल्याच पानावर लिहा की मूळ फाईल, आकृत्या, शब्दांची यादी सगळं आमच्या मालकीचं आणि दर महिन्याला आमच्याकडं जमा.

आणि निवडायचं कसं, तर एल वन, म्हणजे सगळ्यात कमी दरवाला, बघून डोळे झाकून देऊ नका. तुमच्याच मसुद्याची चार गचाळ पानं प्रत्येकाला द्या, मुद्दाम एका ठिकाणी आकृतीत २५ मिमी आणि मजकुरात २.५ मिमी ठेवा. जो गुपचूप दुरुस्त करून देईल तो नको, त्यानं अंदाज मारलाय. जो समासात लिहील की साहेब यातलं खरं कुठलं, त्याचं नाव बाजूला काढून ठेवा आणि अशी दोन-तीन नावं निघाली की मग दराची पाकिटं फोडा.