कोणतं नाणं ठेवायचं, कोणतं विकायचं?

टेबलावर मऊ कापड, बाजूने तिरका पडणारा दिवा आणि वर्षानुवर्षं जमवलेली नाणी. यातली बरीचशी आता विकायची आहेत. बहुतेक जण इथे सोपा हिशेब मांडतात: जुनं ते ठेवायचं, अलीकडचं ते काढायचं. पण नाण्यांच्या बाजारात नुसत्या वयाला फारसा मान नाही.

ही रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनच्या काळातली कांस्याची छोटी नाणी. वय साधारण १७०० वर्षं. पण तेव्हा ती इतकी पाडली गेली की आजही ढिगाने सापडतात.

आणि हा ऑस्ट्रियाच्या महाराणी मारिया थेरेसाचा थेलर, म्हणजे चांदीचं मोठं नाणं. साल १७८०. महाराणी त्याच वर्षी वारली. तांबड्या समुद्राच्या आसपासच्या व्यापाऱ्यांचा मात्र या नाण्यावर एवढा भरवसा, की पुढेही तेच साल घालून ते पाडलं जात राहिलं. व्हिएन्नात, लंडनमध्ये, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मुंबईच्या टांकसाळीतसुद्धा. नाण्यावरचं साल म्हणजे जन्मदाखला नव्हे.

मग बघायचं काय? एकच गोष्ट: हे नाणं गेलं, तर पुन्हा मिळेल का?

हे दोन मॉर्गन डॉलर. चित्र एकच, चांदी ९० टक्के, वजन २६.७३ ग्रॅम. पहिला १९२१चा, त्या वर्षी अमेरिकेत हे ८ कोटींहून जास्त पाडले गेले. दुसरा १८९३चा. मागच्या बाजूला, गरुडाखालच्या पानांच्या चक्राखाली, बारीकसं ‘एस’ अक्षर. ही सॅन फ्रान्सिस्कोच्या टांकसाळीची खूण, आणि तिथे त्या वर्षी पाडले गेले फक्त १ लाख. पहिला खुशाल विका, हवा तेव्हा परत घेता येईल. दुसऱ्याबद्दल काहीही ठरवण्याआधी तो जाणकाराकडून तपासून घ्या. साध्या १८९३च्या डॉलरवर ‘एस’ चिकटवणारे महाभाग फार पूर्वीपासून आहेत.

एकाच नाण्याच्या दोन प्रती असतील तर जास्त चमकतं ते ठेवायचं, असं वाटतं. थांबा. नाणं कडेने धरा आणि दिव्याखाली हळूहळू कलतं करा. पाडताना साच्याच्या दाबाने धातू मधून कडेकडे सरकतो आणि त्याच्या अतिसूक्ष्म रेषा पृष्ठभागावर राहतात. न वापरलेल्या नाण्यावर त्या रेषांवरून उजेड चाकाच्या आऱ्यांसारखा गोल फिरतो. या दुसऱ्या नाण्यावर तो फिरत नाही. नुसता सपाट चकचकाट, आणि भिंगाखाली एकाच दिशेने गेलेले बारीक ओरखडे. कुणीतरी हौसेने घासलंय. पहिलं थोडं काळवंडलेलं आहे, पण ठेवायचं तेच.

दर्जा मोजायला १ ते ७० गुणांची मोजपट्टी आहे. विल्यम शेल्डन यांनी ती १९४९ साली मांडली, तीही अमेरिकेच्या मोठ्या तांब्याच्या सेंटसाठी; आज ती इतर बऱ्याच नाण्यांनाही लावतात. खरं सांगायचं तर एका गुणासाठी नाणी बदलत बसणं हा छंद कमी आणि जुगार जास्त.

झिजलेली, सर्रास मिळणारी चांदीची नाणी वजनावर जातात. मात्र आधी सालं वेगळी करा. ब्रिटिश शिलिंगमध्ये १९१९पर्यंत ९२.५ टक्के चांदी, १९२०पासून ५० टक्के आणि १९४७पासून शून्य. हातात घेतलं तर हा फरक चटकन कळत नाही.

एखाद्या झिजलेल्या नाण्यासोबत जुन्या संग्राहकाच्या हस्ताक्षरातली चिठ्ठी असते: कुठून घेतलं, कधी घेतलं. असं नाणं मी तरी सहजासहजी विकायला काढणार नाही. विकलंच, तर चिठ्ठीही सोबत द्यायची.

उरलेला सगळा ढीग एकगठ्ठा देऊन मोकळं व्हावंसं वाटेल. पण गठ्ठा घेणारा भाव लावतो तो त्यातल्या सामान्य नाण्यांचा. चांगली चार-पाच आधी बाजूला काढा, त्यांचे दोन्ही बाजूंचे फोटो घ्या, वजन लिहून ठेवा आणि ती एकेक करून विका. विकण्याआधी त्यांना ब्रश, पावडर, चिंच, काहीही लावू नका.