चाळीस हजारांतले आपले किती?

मंडळी, आपल्या नागरी सहकारी बँकेचं खरं काम कर्ज देणं. पण ठेवी येत राहतात, चांगला कर्जदार रोज दारात उभा नसतो, आणि ठेवीदाराचं व्याज काही थांबत नाही. सरकारी रोखे घेऊन झाल्यावरही पैसा उरला, की संचालकांची नजर कंपन्यांच्या कर्जरोख्यांकडे वळते. तिथे रिझर्व्ह बँकेचं कुंपण आहे. सरकारी रोख्यांच्या सक्तीच्या गुंतवणुकीबाहेरचं सगळं मिळून मागच्या 31 मार्चच्या ठेवींच्या 10 टक्क्यांपर्यंतच, आणि कंपनीच्या रोख्याचं पतमानांकन, म्हणजे परतफेडीच्या भरवशाचा दर्जा, किमान 'ए' हवं.

आता हिशेब बघू. 10 लाखांचा रोखा, 8 टक्के व्याज, दर सहा महिन्यांनी. तो आपण बाजारातून घेतला, मागचं व्याज वाटून तीन महिने झाल्यावर. विकणारा म्हणतो, या तीन महिन्यांचं व्याज माझं. रास्त आहे. आपण 10 लाखांवर 20 हजार जास्त मोजतो. पुढच्या तीन महिन्यांनी खात्यात 40 हजार येतात आणि शाखेत आनंदीआनंद. पण त्यातले 20 हजार आपलेच परत आलेले! उत्पन्न उरलेले 20 हजार. हे तुटक मुदतीचं व्याज रोख्याच्या किमतीत मिसळायचं नाही, वेगळं दाखवायचं.

उलटही असतं. व्याज जूनमध्ये मिळणार असलं तरी मार्चअखेरपर्यंतचे दिवस आपण कमावलेले असतात; ते त्या वर्षाच्या नफा-तोटा पत्रकात जातात.

दुसरा चकवा किमतीचा. तोच रोखा तीन वर्षं उरली असताना 10 लाख 30 हजारांना घेतला, तर मुदतीला परत मिळणार दहाच लाख. वरचे 30 हजार तीन वर्षांत झिजतात. म्हणजे वर्षाचे 80 हजार दिसतात, पदरात सरासरी 70 हजार. कागदावर 8 टक्के, प्रत्यक्षात सातहूनही कमी. दलाल फोनवर पहिला आकडा सांगतो. तुम्ही दुसरा विचारा.

आणि सरकारी रोख्यापेक्षा जास्त मिळतं ते कशाबद्दल? जोखमीबद्दल. 500 कोटी ठेवींच्या बँकेनं मर्यादेपर्यंत, म्हणजे 50 कोटी गुंतवले आणि एक टक्का जास्त मिळवला, तर वर्षाला 50 लाख. त्यातली 5 कोटींची एकच कंपनी बुडाली, तर दहा वर्षांची जादा कमाई गेली. 'ट्रिपल ए', म्हणजे सर्वोच्च मानांकन, होतं म्हणून घेतलं, हे उत्तर पुरत नाही. पायाभूत प्रकल्पांना पैसा पुरवणाऱ्या आयएल अँड एफएस या कंपनीचं मानांकन 2018 च्या ऑगस्टपर्यंत तेच होतं, सप्टेंबरात ते 'डी', म्हणजे परतफेड थकलेली, झालं. आपल्या गावातल्या कर्जदाराचं दुकान बंद दिसलं तर वसुली अधिकाऱ्याला संध्याकाळी कळतं. मुंबईतल्या कंपनीचं आपल्याला पेपरातून कळतं.

व्याज 90 दिवसांहून जास्त थकलं, की त्या रोख्याचं व्याज उत्पन्नात धरणं बंद. आधी धरलेलं पण हाती न आलेलंही परत फिरवावं लागतं, आणि वर तरतूद, म्हणजे बुडण्याच्या भीतीनं नफ्यातून रक्कम बाजूला काढणं. म्हणून गुंतवणूक समितीच्या बैठकीत मी व्याजदराआधी एक तक्ता मागतो: कुठल्या रोख्याचं व्याज कुठल्या तारखेला यायचं होतं, आणि प्रत्यक्षात कधी आलं.