कमानींखालचे बोलोन्या

श्रोतेहो, आज मी तुम्हांला ज्या शहरात नेणार आहे, तिथे ऐन पावसातही छत्री न उघडता मैलोन् मैल चालता येते. उत्तर इटलीतील बोलोन्या हे ते शहर. रोम, फ्लोरेन्स आणि व्हेनिस अशी त्रिस्थळी यात्रा करून आपले बहुतेक प्रवासी परततात आणि वाटेत लागणाऱ्या बोलोन्याचे फक्त रेल्वेस्थानक पाहतात. पहिल्या खेपेस मीही एवढेच पाहिले होते. दुसऱ्या खेपेस तिथे आठवडाभर मुक्काम केला. त्या आठवड्यात जे पाहिले, त्यातले थोडे आज सांगणार आहे.

या शहरात रस्त्यांच्या कडेने, घरांच्या तळमजल्याला लागून, कमानींच्या पडव्या गेलेल्या आहेत. त्यांना तिकडे पोर्तिको म्हणतात. शहरातल्या साऱ्या पोर्तिकोंची लांबी एकत्र केली तर ती ६२ किलोमीटर भरते, आणि २०२१ साली युनेस्कोने त्यांचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश केला. पडवी आपल्याला नवी नाही. परंतु आपल्याकडे परक्या घराच्या पडवीत पाऊल टाकण्यापूर्वी हाक द्यावी लागते. बोलोन्यात पडवीची जागा घरमालकाची, तिच्या डागडुजीचा भार त्याच्याच शिरावर, आणि तिच्यातून जाण्यायेण्याचा हक्क मात्र कोणाही वाटसरूचा, अशी रीत शतकानुशतके चालत आली आहे.

ही रीत पडली कशी, हे समजून घेण्यासारखे आहे. बोलोन्याचे विद्यापीठ आपली स्थापना १०८८ सालची मानते. तिथे विद्यार्थ्यांनीच संघ बांधून शिक्षक नेमले, त्यांना वेतन दिले आणि वेळेवर न येणाऱ्यांना दंडही केला. कायदा शिकण्यासाठी युरोपभरातून तरुण येऊ लागले, त्यांच्यामागोमाग कारागीर आणि व्यापारी आले, आणि तटबंदीच्या आत जागा अपुरी पडू लागली. तेव्हा घरमालकांनी वरच्या मजल्याच्या तुळया रस्त्यावर पुढे काढून खोल्या वाढवल्या, आणि त्या खोल्यांचे ओझे झेपेना तेव्हा खाली लाकडी खांब दिले. आजच्या भाषेत बोलायचे तर ते सरळसरळ अतिक्रमण होते. अशी बांधकामे पाडून टाकण्याचा मार्ग नगरसभेला मोकळा होता. पण १२८८ साली तिने उलटाच नियम केला. नवे घर बांधणाऱ्याने पोर्तिको काढलाच पाहिजे, ज्याच्या घराला तो नसेल त्याने जोडला पाहिजे, आणि त्याची उंची बोलोन्याच्या मापाने किमान सात फूट, म्हणजे सुमारे २.६६ मीटर असली पाहिजे, जेणेकरून घोडेस्वारालाही खालून जाता यावे. घराला वर खोली मिळाली आणि गावाला खाली सावली मिळाली. नगररचनेचा इतका शहाणा निर्णय माझ्या वाचनात दुसरा नाही.

पुढे १५६८ साली लाकडी खांबांच्या जागी दगडविटांचे खांब उभारण्याचा हुकूम निघाला, तरी काही लाकूड त्यातूनही वाचले. स्त्रादा माज्जोरे या रस्त्यावरच्या इझोलानी घराचे ओक लाकडाचे खांब आजही तेराव्या शतकातला मजला तोलून उभे आहेत. त्यांची उंची सुमारे नऊ मीटर आहे. जवळ जाऊन पाहिले तर लाकडाला उभ्या भेगा गेलेल्या दिसतात, त्यांत बोटाचे पेर सहज शिरते, आणि हाताच्या उंचीपर्यंतचा भाग येणाऱ्याजाणाऱ्यांच्या स्पर्शाने गुळगुळीत झालेला जाणवतो. मुख्य चौकात पोदेस्ता वाड्याखाली चार कमानींचा एक घुमट आहे. त्याच्या समोरासमोरच्या कोपऱ्यांत भिंतीकडे तोंड करून दोघे उभे राहिले, की एकाची कुजबुज मधल्या गर्दीवरून दुसऱ्याच्या कानाशी पोहोचते. मी तिथे उभा होतो तेव्हा एक आजोबा आपल्या नातीशी असे बोलत होते, आणि ती पुन्हा पुन्हा मागे वळून त्यांना शोधत होती.

आता जेवणाकडे येतो. आपल्या हॉटेलांतल्या खाद्यपत्रिकेवर जो ‘स्पॅगेटी बोलोनीज’ छापलेला असतो, त्याला बोलोन्याची माणसे आपला म्हणत नाहीत, आणि त्याचे कारण साधे आहे. स्पॅगेटी ही कडक गव्हाच्या रव्याची, वाळवलेली आणि गुळगुळीत. तिच्यावरून खिम्याचा दाट रस्सा घसरून ताटलीत उतरतो. बोलोन्याचा रागू, म्हणजे हा खिम्याचा रस्सा, मंद आचेवर काही तास शिजतो. त्यात गाजर, कांदा, सेलरी, खिमा, वाइन आणि थोडा टोमॅटो असतो. तो धरून ठेवायला मऊ मैद्याच्या आणि अंड्याच्या, किंचित खरबरीत, रुंद पट्ट्या लागतात. त्या तालियातेल्ले. त्यांची रुंदी किती असावी याची नोंद १६ ऑक्टोबर १९७२ रोजी शहराच्या व्यापार मंडळाकडे रीतसर करण्यात आली: शिजल्यावर आठ मिलिमीटर, म्हणजे शहरातल्या असिनेल्ली मनोऱ्याच्या उंचीचा १२,२७० वा भाग. मनोरा ९७ मीटरांहून थोडा उंच आहे. भागाकार करून पाहा, हिशेब जवळजवळ बरोबर येतो. जेवणाचे माप गावाच्या मनोऱ्यावरून ठरवणाऱ्या माणसांविषयी मला मनापासून आदर वाटतो.

हे पीठ लाटणाऱ्या बाईला स्फोलीना म्हणतात. बाजारातल्या एका दुकानात मी तासभर एका स्फोलीनेचे काम पाहत उभा होतो. शंभर ग्रॅम मैद्याला एक अंडे, पाण्याचा थेंब नाही. गोळा मळून झाकून ठेवला, आणि मग जवळजवळ हातभर लांब लाटण्याने ती लाटू लागली. आपण पोळी लाटतो तेव्हा लाटणे पिठावर फिरते. इथे पीठच लाटण्यावर गुंडाळले जात होते, तळहात मधून कडेकडे सरकत होते, आणि प्रत्येक वेळी पारी थोडी फिरवून पुन्हा उलगडली जात होती. पोळपाट नव्हता, अख्खे लाकडी टेबलच तिचा पोळपाट होते. पारी टेबलाच्या कडेवरून खाली लोंबू लागली तेव्हा तिने ती उजेडापुढे धरली. यातून सान लुका दिसले पाहिजे, असे तिकडे म्हणतात.

सान लुका हे शहराबाहेरच्या टेकडीवरचे मातामरियमचे देवस्थान. तिथल्या पवित्र चित्राची मिरवणूक दरवर्षी मे महिन्यात टेकडी उतरून शहरात येते, आठवडाभर मुख्य चर्चमध्ये मुक्काम करते आणि परत जाते. १४३३ साली पिके बुडवणारा पाऊस हे चित्र गावात आणल्यावर थांबला, अशी तिथल्या भाविकांची श्रद्धा आहे. त्याच चित्रावर आणि त्याच्यासोबत चालणाऱ्यांवर पाऊस पडू नये म्हणून १६७४ साली शहराच्या वेशीपासून टेकडीच्या माथ्यापर्यंत पोर्तिको बांधायला सुरुवात झाली. लोकांच्या देणग्यांतून तो उभा राहिला. ६६६ कमानी, जवळजवळ पावणेचार किलोमीटर.

मुक्कामाच्या अखेरच्या दिवशी मी तो चढून गेलो. निम्म्या वाटेवर सर आली. माझ्या पुढे हातात भाजीची पिशवी घेतलेल्या दोन बायका बोलत चालल्या होत्या. त्यांच्या डाव्या हाताला कमानीकमानीतून पाऊस कोसळत होता, आणि त्यांनी एकदाही त्या बाजूला मान वळवली नाही.