लोअर केलेल्या व्हॅनचं चाक: टायरचा माप आणि स्पेसर

(इंदुरात व्हॅनमालक आणि गॅरेजमधल्या कारागिरांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

मंडळी, गाडी ४० मिलिमीटर खाली आणली की टायर आणि मडगार्ड यांच्यातली जागा ४० मिलिमीटरनं कमी झाली, असा हिशेब आपण करतो. उभ्या गाडीपुरता तो बरोबर आहे. पण चाक जास्तीत जास्त किती वर जाऊ शकतं हे स्प्रिंगवर नाही, बंप स्टॉपवर ठरतं, म्हणजे शॉकअपच्या दांड्यावर असतो त्या रबरी ठोकळ्यावर. स्प्रिंग आखूड केली तरी ठोकळा तिथेच असतो. फरक इतकाच, की पूर्वी चाक त्या टोकाला वर्षातून चारदा जायचं आणि आता दिवसातून चारदा जातं. देशातलं सर्वांत स्वच्छ शहर म्हणून आपण मिरवतो, पण गल्लीबोळातले गतिरोधक अजून कोणी झाडून नेलेले नाहीत!

म्हणून टायर निवडायचा तो चाक त्या सर्वांत वरच्या टोकाला असताना मावेल असा. दारात उभी गाडी बघून निवडलेला माप हमखास फसतो. आणि खाली आणताना कोणी ठोकळाच कापला असेल, तर कंपनीनं ठेवलेली जागाही हिशेबातून गेली.

हे टोक मोजायचं कसं? पुढचा स्ट्रट, म्हणजे शॉकअप आणि स्प्रिंगची एकत्र जोडणी, उतरवा, स्प्रिंग काढा, ठोकळ्यासह नुसता स्ट्रट परत बसवा. चाक लावून खालच्या आर्मखाली जॅक द्या आणि ठोकळा दबेपर्यंत उचला. आता स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. जिथे शंका वाटते तिथे मडगार्डच्या आतून पुटीचा गोळा चिकटवा. टायर घासून गेला की गोळ्याची उरलेली जाडी म्हणजे तुमची खरी जागा. सर्वात जवळच्या बिंदूला, स्ट्रटच्या बाजूनं ५-६ मिलिमीटर तरी राहायला हवेत. ब्रेकचा होज आणि एबीएसची वायर यांच्यापासून १५ ते २० सोडा, कारण त्या हलतात.

मागे ईकोसारखा अखंड ॲक्सल असेल तर दोन्ही बाजू एकत्र उचलून भागत नाही. एकच बाजू वर करा, दुसरी लोंबू द्या. अखंड ॲक्सल तिरका होतो तेव्हा टायरचा वरचा काठ आत-बाहेर सरकतो, आणि नेमका तोच काठ गाडी कोपऱ्यावरून तिरकी रस्त्यावर चढताना कमानीच्या ओठाला लागतो. स्प्रिंग काढण्याचं हे काम कंटाळवाणं आहे, एक दिवस जातो. पण नवा टायर कापला गेल्यावर जो खर्च येतो त्यापेक्षा हा दिवस स्वस्त.

आता माप. छोट्या व्हॅनचा १५५/६५ आर १३ घ्या. रिम १३ इंच म्हणजे ३३०.२ मिलिमीटर. बाजूची उंची १५५ च्या ६५ टक्के, १००.७५, ती दोनदा. बेरीज ५३१.७ मिलिमीटर. नव्या टायरच्या व्यासाचा या मूळ व्यासापासूनचा फरक शक्यतो दोन-अडीच टक्क्यांच्या आत ठेवा. १७५/६० आर १३ चा व्यास ५४०.२ होतो, १.६ टक्क्यांनी मोठा, चालतो. १६५/६५ आर १३ म्हणजे ५४४.७, जवळजवळ अडीच टक्के, सीमेवर. १६५/६० आर १४ म्हणजे ५५३.६, चार टक्क्यांहून जास्त. खाली आणलेल्या गाडीत त्याला थारा नाही. व्यास वाढला की स्पीडोमीटर कमी दाखवतो. चार टक्क्यांनी वाढला तर ८० दिसताना गाडी ८३ वर असते.

याच ओळीत १६५/५५ आर १४ दिसायला फार देखणा: व्यास ५३७.१, फक्त एक टक्का जास्त, रिम मोठी, बाजू पातळ. आता त्याच्या कडेवरचा भारांक वाचा. मूळ टायरवर ७३ असतो, म्हणजे एका टायरला ३६५ किलो. या चौदा इंचीवर ७२ असतो, ३५५ किलो. ॲक्सलला ७३० चे ७१० झाले. २० किलोंनी काय होतं, असं वाटेल. सात माणसं, मागे सीएनजीची टाकी आणि वर सामान असं गणित असेल तर तेच वीस किलो तुमची सगळी शिल्लक असू शकते. अंदाज करू नका. गाडी भरून धर्मकाट्यावर न्या, फक्त मागची चाकं प्लॅटफॉर्मवर चढवा आणि पावती घ्या. तो आकडा एका टायरच्या भाराच्या दुपटीपेक्षा कमी हवा.

मोठ्या व्हॅनमध्ये ही चूक जास्त महागात पडते. युरोपात जिला खाली बसवण्याची मोठी हौस आहे ती फोक्सवॅगन टी-५ घेऊ. २१५/६५ आर १६ सी हा कमर्शियल टायर, भारांक १०९, म्हणजे १०३० किलो. त्याऐवजी २५५/४५ आर १८ लावला जातो: व्यास ६८५.९ चा ६८६.७ होतो, कोणाला कळणारही नाही. भारांक १०३, म्हणजे ८७५ किलो, दोन्ही मिळून १७५०. पण २४५/४५ आर १८ वर १०० असतो: ८०० किलो, दोन्ही मिळून १६००. दहा मिलिमीटर रुंदी गेली आणि ॲक्सलमागे दीडशे किलो गेले. दाराजवळच्या प्लेटवर मागच्या ॲक्सलचा आकडा १६०० च्या वर असेल तर तो टायर बाद.

आणखी एक, ज्यात पुष्कळ जण गोंधळतात. तो २५५/४५ आर १८ एक्सएल, म्हणजे जास्त भाराचा टायर असतो, आणि त्याचे ते ८७५ किलो ४२ पीएसआयला मिळतात. सवयीनं ३२ भरले की ते आकडे कागदावरच राहिले. हवा थंड टायरमध्ये तपासा. दर दहा अंशांना दीड-दोन पीएसआयचा फरक पडतो, म्हणजे मे महिन्यातल्या दुपारी धावलेल्या गाडीवर घेतलेलं माप खोटं समजा.

आता स्पेसर, म्हणजे हब आणि रिम यांच्यामध्ये बसणारी चकती. रिमवर ईटी लिहिलेलं असतं, म्हणजे ऑफसेट: बसवण्याची बाजू रिमच्या मध्यापासून किती बाहेर आहे. स्पेसर टाकला की तेवढं ईटी कमी होतं. ईटी ५१ ला १५ चा स्पेसर दिला की ईटी ३६, आणि दोन्ही बाजूंनी मिळून ट्रॅक, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर, ३० मिलिमीटरनं रुंद.

पण रिमच बदलली असेल तर आधी पाटीवर गणित मांडा. जुनी ६.५ जे (म्हणजे ६.५ इंच रुंद) ईटी ५१, नवी ८ जे ईटी ४५. रुंदी दीड इंचानं वाढली, म्हणजे ३८ मिलिमीटर, मध्यापासून दोन्हीकडे १९. ऑफसेट ६ नं कमी. बाहेरचा काठ १९ आणि ६, म्हणजे २५ बाहेर आला. आतला १९ वजा ६, म्हणजे १३ आत गेला. स्ट्रटपाशी दहाच मिलिमीटर मोकळे असतील तर रिम लागणार, आणि इथे स्पेसरला खरं काम आहे: १० चा टाकला की आतला वाढावा ३ वर येतो. किंमत म्हणून बाहेर २५ चे ३५ होतात, आणि कमान त्या ३५ ला जागा देते का हे पुटीनं विचारायचं. नुसतं चाक बाहेर दिसावं म्हणून स्पेसर टाकू नका. पुढच्या चाकात तो स्टिअरिंगचा अक्ष आणि टायर यांच्यातलं अंतर बदलतो. ब्रेक लावताना हात खेचला जातो, खाच असलेल्या रस्त्यावर गाडी भरकटते, आणि बेअरिंगवरचा तरफेचा भार वाढतो.

स्पेसर निवडताना मधला भोक हबवर घट्ट बसणारा घ्या. टी-५ च्या हबचा व्यास ६५.१ मिलिमीटर. ५×१२० च्या (पाच बोल्ट, १२० मिलिमीटरच्या वर्तुळावर) अनेक बीएमडब्ल्यू रिमचा भोक ७२.६, म्हणून मधे सेंटरिंग रिंग लागते. स्पेसरला स्वतःचा ओठ, म्हणजे भोकाभोवतीचा उंच काठ, हवा. पाच मिलिमीटरचा सपाट तुकडा हबचा ओठ गिळतो, मग चाक नुसत्या बोल्टच्या भरवशावर मध्यात राहतं आणि ८० ला थरथरतं. माल फोर्ज्ड ॲल्युमिनियमचा असावा. ओतीव, फुगे दिसणारा, हातात घेऊनच परत द्या.

बसवताना हबचा चेहरा वायर ब्रशनं चमकेपर्यंत घासा. गंजाची एक पापडी राहिली तरी दाबाखाली ती चुरते आणि बोल्ट सैल होतो. कॉपर ग्रीस ओठावर चिमूटभर लावा. बसणारी सपाट बाजू आणि आटे कोरडे ठेवा, कारण ग्रीस लावलेला आटा त्याच टॉर्कला जास्त ताणला जातो.

बोल्ट मूळ बोल्टपेक्षा स्पेसरच्या जाडीएवढे जास्त लांब हवेत. हातानं पूर्ण फेरे मोजा: एम १४ × १.५ ला (१४ मिलिमीटर जाड, फेऱ्याला १.५ मिलिमीटर पुढे जाणारा) निदान नऊ, एम १२ × १.२५ ला दहा. कमी आले तर थांबा. जास्त लांब असेल तर मागे ड्रम किंवा हँडब्रेकच्या भागाला टेकेल, म्हणून घट्ट करून चाक हातानं फिरवून आवाज ऐका. बोल्टची बैठकही जुळायला हवी: फोक्सवॅगनच्या मूळ रिमला गोल बैठक असते, बाजारी अलॉयला बहुधा ६० अंशांचा शंकू. गोल बैठकीत शंकू बसवला तर तो एका रेघेवर टेकतो आणि सुटतो.

स्टड आणि नट असलेल्या आपल्या गाड्यांना दोन मार्ग: लांब स्टड हबमध्ये प्रेसनं बसवा, किंवा स्वतःचे स्टड असलेला, साधारण २० मिलिमीटरपासून पुढचा, बोल्ट-ऑन स्पेसर वापरा. दुसऱ्यात मूळ स्टडचं टोक स्पेसरच्या चेहऱ्याबाहेर निघत नाही ना, ते पट्टी आडवी ठेवून पाहा. निघालं की रिम स्पेसरवर टेकणारच नाही.

टॉर्क पान्यानंच द्या, ताऱ्याच्या क्रमानं, दोन टप्प्यांत. टी-५ ला १८० न्यूटन-मीटर, तुमच्या गाडीला तिच्या पुस्तिकेत असेल तेवढा. शेवटचा टप्पा गाडी जमिनीवर टेकल्यावर. इम्पॅक्ट गननं घट्ट केलेलं चाक किती घट्ट आहे हे गनलाही ठाऊक नसतं. ८० ते १०० किलोमीटरवर परत तपासा. धामणोदच्या दिशेनं गणपती घाट उतरला असाल तर आधी हब थंड होऊ द्या.

प्रश्न आला आहे: स्पेसरऐवजी वॉशर टाकले तर? नाही. वॉशरवर चाक चार-पाच ठिपक्यांवर उभं राहतं, सपाट बाजूचं घर्षण संपतं आणि सगळा भार स्टडला वाकवण्यात जातो. दोन स्पेसर एकावर एक रचणंही नको.

दुसरा प्रश्न: अलाइनमेंट कधी? स्प्रिंग बसल्यावर, गाडीत रोजचा भार ठेवून. खाली आणल्यावर चाकाचा वरचा भाग आत झुकतो आणि टो, म्हणजे वरून पाहिल्यावर चाकाची पुढची बाजू किती आत-बाहेर वळली आहे तो कोन, बदलतो. टो दुरुस्त केला नाही तर आतली धार नवी असूनही काही हजार किलोमीटरमध्ये जाळीपर्यंत जाते, आणि बाहेरून टायर नवाच दिसतो. म्हणून महिन्यातून एकदा स्टिअरिंग पूर्ण वळवून आतली धार हातानं चाचपा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली कंपनीच्या मूळ तपशिलाबाहेरचे बदल अडचणीत येऊ शकतात. मडगार्डबाहेर निघालेला टायर त्यात पहिला दिसतो, तेव्हा आरटीओ आणि विमा या दोन्हींकडे बदल करण्याआधीच विचारा.