शाळेचे नाव आणि शाळेतला दिवस

नमस्कार. इंग्लंडमध्ये मुलाला अकराव्या वर्षी सरकारी माध्यमिक शाळेत घालायची वेळ आली, की पालकांचा पहिला प्रश्न असतो, ‘शाळेचे नाव कसे आहे?’ आज हे नाव कशावर उभे असते, ते पाहू.

या शाळांत फी नसते. पसंतीक्रम लिहून ३१ ऑक्टोबरपर्यंत अर्ज करायचा असतो आणि १ मार्चच्या सुमारास शाळा कळते. जागांपेक्षा अर्ज जास्त आले, तर बऱ्याच शाळांत घर किती जवळ आहे हे पाहिले जाते. त्यामुळे नावाजलेल्या शाळेभोवतीची घरे महागतात, ती परवडणाऱ्या कुटुंबांची मुले तिथे अधिक संख्येने येतात, निकाल चांगला लागतो आणि शाळेचे नाव आणखी वाढते. यात शिक्षकांचे श्रम किती आणि पालकांची ऐपत किती, हे निकालाच्या टक्क्यांवरून कळत नाही. म्हणूनच २०१६ पासून ‘प्रोग्रेस एट’ हे मोजमाप आले. प्राथमिक शाळा सोडताना मूल कुठे होते आणि सोळाव्या वर्षी कुठे पोहोचले, याची त्यात तुलना होते. तपासणी करणाऱ्या ‘ऑफस्टेड’नेही सप्टेंबर २०२४ पासून सरकारी शाळांना एका शब्दात शेरा देणे बंद केले. हा निर्णय मला अगदी योग्य वाटतो, कारण हजार मुलांची शाळा एका शब्दात मावत नाही.

आता नियमांकडे वळू. छडीची शिक्षा सरकारी शाळांतून १९८७ मध्येच गेली. आज शाळा सुटल्यावर थांबवून ठेवण्याची शिक्षा सर्रास दिली जाते आणि त्यासाठी पालकांची संमती लागत नाही, हे अनेक पालकांना ठाऊक नसते. मुख्याध्यापक एखाद्या मुलाला काही दिवस शाळेबाहेरही ठेवू शकतात, मात्र एका शैक्षणिक वर्षात ४५ दिवसांपेक्षा जास्त नाही. वर्तनाचे नियम शाळा बहुधा आपल्या संकेतस्थळावर देतात. ते शांतपणे वाचून काढा.

परंतु नियम कागदावर काय आहे, यापेक्षा तो कसा राबवला जातो, हे मला महत्त्वाचे वाटते. शाळा दाखवण्याच्या संध्याकाळी सभागृह सजवलेले असते आणि निवडक मुले स्वागताला उभी असतात. त्याऐवजी भर दिवसा, तास बदलताना शाळा पाहू द्यावी, अशी विनंती करा. घंटा होते, शेकडो मुले एकदम बाहेर पडतात आणि अरुंद मार्गिका दप्तरांनी भरून जाते. त्या चार मिनिटांत शिक्षक वर्गाच्या दारात उभे आहेत का, लहान मुले भिंतीला चिकटून चालतात का आणि टाय सैल असलेल्या मुलाला कोणत्या स्वरात थांबवले जाते, हे नीट पाहा. त्या मुलाला नावाने हाक मारली गेली, तर तेही टिपून ठेवा.